चौकात अडवलं तर जागेवर भांडायचं की लेखी तक्रार करायची?

बालाघाट: छत्रपती संभाजीनगरचा क्रांती चौक असो की लातूरची गंजगोलाई, पोलिसानं हात केला की आपली माणसं एकतर हुज्जत घालतात, नाहीतर कुणाला तरी फोन लावतात. दोन्हीत नुकसान आपलंच. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा. कागद डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये दाखवा. व्हॉट्सॲपवर आलेला आरसीचा फोटो ग्राह्य धरत नाहीत. ई-चलन झालं तर वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक संकेतस्थळावर चलनातला फोटो मोठा करून नंबर, वेळ, ठिकाण, कलम तपासा. 3 ऐवजी 8 वाचला गेला की भलत्याच गाडीचा दंड आपल्या नावावर येतो. तसं झालं तर नंबरप्लेट स्पष्ट दिसेल असा गाडीचा फोटो आणि आरसी जोडून महाट्रॅफिकवर तक्रार टाका. तोवर दंड भरू नका. भरला की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं.

गोदाकाठ: भाऊ, चावी खिशात जायच्या आधीच ओढून घेतात त्याचं काय? मोटार वाहन कायद्यात चावी काढून घ्यायचा अधिकार कुठंच दिलेला नाही. कलम 207 खाली गाडी अडकवून ठेवता येते, पण त्याला लायसन्स, नोंदणी, परमिट नसणं अशी ठरलेली कारणं लागतात. हे सगळं घरी जाऊन लिहिलं तर पुरावा कुठून आणणार? तिथंच बोलावं लागतं, मोबाईल चालू ठेवावा लागतो.

टपालपेटी: चालू ठेवा, पण चार पावलं मागं उभं राहून. तोंडासमोर कॅमेरा धरला, झटापट झाली, की भारतीय न्याय संहितेचं कलम 132, म्हणजे सरकारी नोकराला कामात अडवायला हल्ला किंवा बळजबरी केल्याचं, लागू शकतं आणि ते अजामीनपात्र आहे. पाचशे-हजाराचा दंड राहतो बाजूला, वकील शोधावा लागतो.

गोदाकाठ: हे पटलं. पण लेखी तक्रार करायला आधी चलन झाल्याचं कळायला तर पाहिजे! खेड्यातल्या कित्येक गाड्यांच्या नोंदणीला एजंटचा नाहीतर आधीच्या मालकाचा मोबाईल नंबर असतो. मेसेज त्याला जातो, आणि खरा मालक जागा होतो थेट लोकअदालतीची नोटीस आल्यावर.

बालाघाट: त्याला उपाय आहे. परिवहनच्या साइटवर चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणीची तारीख आरसीवर आहे तशीच टाकून मोबाईल नंबर बदलता येतो. एका आकड्याचा फरक असला तरी अर्ज पुढं सरकत नाही.

गोदाकाठ: ते करूच. पण चावी ओढली जाते तेव्हा गप्प बसा, हे मी कुणाला सांगणार नाही. छातीवरची नावाची पट्टी वाचायची, कोणत्या कलमाखाली चावी घेतली ते शांतपणे विचारायचं, आणि उत्तर रेकॉर्ड करायचं.