अपहार, फसवणूक की न्यासभंग? तक्रारअर्जातले शब्द

प्रश्न :
आमच्या सोसायटीच्या माजी खजिनदारांनी देखभाल निधीतली रक्कम थोडीथोडी करून स्वतःच्या खात्यात वळवल्याचे लेखापरीक्षणात निघाले. पोलिसांत द्यायच्या अर्जात काहींना 'फसवणूक' हवे, काहींना 'अफरातफर', काहींना 'अपहार'. यांत खरेच फरक आहे का?

प्रतिसाद :
आहे, आणि तो नीट समजून घ्या. पैसे त्या माणसाच्या हातात गेले तेव्हा त्याच्या मनात काय होते, यावर सगळे ठरते.

सुरुवातीपासूनच खोटे बोलून पैसे काढले तर ती फसवणूक. मालकीचा नसलेला फ्लॅट दाखवून बयाणा घेणारा यातला. भारतीय दंड संहितेच्या मराठी पाठात 'ठकवणूक' असा नेमका शब्द होता. तो बोलण्यातून गेला याचे मला वाईट वाटते. दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलम ३१८.

पैसे रीतसर, विश्वासाने सोपवले आणि मग नियत फिरली, तर तो 'फौजदारीपात्र न्यासभंग', कलम ३१६. न्यास म्हणजे इथे धर्मादाय ट्रस्ट नव्हे, विश्वासाने हवाली केलेली वस्तू वा रक्कम. निधी खजिनदारांकडे तुम्हीच सोपवला होता, म्हणून तुमचे प्रकरण इथे बसते.

'अपहार' काटेकोरपणे कलम ३१४ मधला : कोणी सोपवलेले नसताना हाती आलेले दुसऱ्याचे धन लबाडीने आपले करणे. यूपीआयवर चुकून आलेली रक्कम परक्याची आहे हे कळूनही उडवणे, हे त्यात येईल. मात्र पोलीस ठाण्यात आणि बातम्यांत न्यासभंगालाही सर्रास अपहारच म्हणतात, त्यामुळे तो शब्द लिहिलात तरी अडणार नाही. 'अफरातफर' हिशेबाच्या वहीतला. कुठल्या कलमाशी तो बांधलेला नाही.

'फसवणूक' तेवढी टाळा. एकाच व्यवहाराला फसवणूक आणि न्यासभंग दोन्ही एकाच वेळी लागू शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात स्पष्ट केले. आरोपीचा वकील पहिला बोट ठेवणार ते यावरच. विशेषणांपेक्षा निधी कोणत्या ठरावाने सोपवला, कोणत्या तारखेला किती वळवला, हे लिहा. खोट्या पावत्या केल्या असतील तर तो मुद्दा वेगळ्या परिच्छेदात.

उपप्रश्न :
ओटीपी आपणच फोनवर सांगितला आणि खाते रिकामे झाले, तर ती चोरी म्हणायची का?

प्रतिसाद :
चोरीत तुमची संमती नसते. इथे ती खोटे बोलून मिळवली, म्हणून फसवणूकच. बँकेचा किंवा पोलीस खात्याचा माणूस असल्याचे भासवले असेल तर 'तोतयेगिरी'. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला होता, तोच हा शब्द. संगणक किंवा मोबाइलवरून तोतयेगिरी करून फसवले, तर माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ६६डी लागते : तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पण शब्द शोधत बसू नका, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी गोठवली गेली तरच हाती लागण्याची आशा असते.

'डिजिटल अरेस्ट' अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही. अर्जात 'मला डिजिटल अरेस्ट झाली' असे लिहू नका. 'पोलीस असल्याचे सांगून अमुक वेळेपासून व्हिडिओ कॉलवर धमकावले आणि अमुक खात्यात पैसे भरायला लावले' असे लिहा.

मूळ प्रश्नकर्त्यासाठी एक राहिले. न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याआधी वळवलेल्या रकमांना जुन्या दंड संहितेचे कलम ४०६ लागेल, नंतरच्यांना ३१६. तेव्हा नोंदींची यादी या तारखेवर तोडून दोन भागांत जोडा.