मदत हवी आहे: मामाच्या बीटलचा जुना रंग कसा काढू?

नमस्कार मंडळी. मामाने सुटे भाग जोडून बनवलेली, तामिया कंपनीची १/२४ मापाची (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी) फोक्सवॅगन बीटलची प्लॅस्टिक मॉडेल गाडी माझ्याकडे आली आहे. मामा गेल्या वर्षी गेला. ही गाडी मला मनापासून नीट करायची आहे.

अडचण रंगाची. त्याने ब्रशने इनॅमलचे जाड थर दिलेत. दारांच्या फटी, बॉनेटच्या रेषा पार बुजल्यात. प्लॅस्टिक पॉलिस्टायरीनचं, त्यामुळे अ‍ॅसिटोन किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांच्या) थिनरचा प्रश्नच नाही, बॉडीच विरघळेल. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तळाचा भाग रात्रभर बुडवून पाहिला. कडेचा रंग सुटला, मधला मात्र घट्ट. आता रंग सोडवायला ब्रेक ऑइल वापरावं का? जुन्या, ठिसूळ झालेल्या प्लॅस्टिकवर कुणी करून पाहिलंय? किती तास ठेवलंत?

बंपरचा क्रोमही उडालाय. उरलेला ब्लीचने काढून चकचकीत काळ्यावर सिल्व्हर मारेन म्हणतो. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनसारखं यंत्र) नाही, स्प्रे कॅन आहेत. दमट हवेत लॅकर (कॅनमधला झटपट वाळणारा रंग) पांढुरका पडतो, म्हणून पाऊस संपेपर्यंत थांबणार आहे.

सगळ्यात महत्त्वाचं: मागची नंबरप्लेट मामाने स्वतःच्या हाताने रंगवून बॉडीला चिकटवली आहे. तिला धक्का लागता कामा नये. बॉडी बुडवताना ती कशी वाचवू? की न मोडता सोडवून घेता येईल?