टेस्टिंगचा जोर कोणत्या फाईलींवर द्यायचा, हे आधी ठरवता येतं का?

मालवाताई:
नमस्कार मंडळी. इंदूरला परदेशीपुऱ्यात आमची टीम आहे. बिलिंगचं सॉफ्टवेअर, जावात, साधारण 900 फाईली. टेस्टर चार. पूर्ण रिग्रेशनला, म्हणजे नव्या बदलांनी जुनं काही बिघडलं नाही ना हे तपासायला, पाच दिवस लागतात, मिळतात दोन. गिटचा (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) तीन वर्षांचा इतिहास आणि जिरातले (कामांची आणि तक्रारींची नोंदवही) बग हाताशी आहेत. मॅनेजरांना कोणत्या फाईलींत बग निघतील हे सांगणारं मशीन लर्निंगचं मॉडेल हवंय. सोनारक्यूब या कोड तपासणाऱ्या साधनातले कॉम्प्लेक्सिटीचे (गुंतागुंतीचे) आकडे त्याला पुरतील का?

ब्लेमबहाद्दर:
नाही पुरणार, ताई. सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे कोडमधून जाणाऱ्या वेगवेगळ्या वाटांचं मोजमाप, बहुतेक वेळा फाईलच्या लांबीबरोबरच वाढते. मोठी फाईल धोक्याची, यापलीकडे ती फारसं काही सांगत नाही. बदलांचा इतिहास जास्त बोलका असतो. नागप्पन आणि बॉल या संशोधकांनी 2005 साली विंडोज सर्व्हर 2003 वर हे तपासलं. बदललेल्या ओळींचा नुसता आकडा कुचकामी ठरला. घटकाच्या आकाराशी त्याचं गुणोत्तर काढल्यावर बगचा अंदाज बराच नेमका आला.

मॉडेलचं नंतर बघा. आधी गिट लॉग (बदलांची यादी) नमस्टॅटसह, म्हणजे फाईलवार बदललेल्या ओळींच्या आकड्यांसह काढा, मर्ज कमिट (कोडच्या दोन शाखा जोडणाऱ्या नोंदी; कमिट म्हणजे एकदा नोंदवलेला बदल) वगळा, रिनेम ओळखण्याचा पर्याय चालू ठेवा, नाहीतर नाव बदललेल्या फाईलचा इतिहास तुटतो. मग शीटमध्ये फाईलवार, मागच्या सहा महिन्यांचे चार रकाने: कमिट किती, बदललेल्या ओळी भागिले एकूण ओळी, किती जणांनी हात लावला, बगफिक्स किती. आपोआप तयार होणारा कोड आणि फॉरमॅटिंगचे घाऊक कमिट काढून टाका, नाहीतर या रकान्यांवरून धोक्याच्या क्रमाने लावलेल्या यादीत तेच वर येऊन बसतात.

स्नेहलतागंज:
बगफिक्सच्या रकान्यात खरी मेख आहे. जिरात 'बग' म्हणून नोंदलेलं सगळंच बग नसतं. संशोधक हर्झिग आणि सहकाऱ्यांनी 2013 साली पाच ओपन सोर्स जावा प्रकल्पांतल्या सात हजारांवर नोंदी हातांनी तपासल्या, तर 'बग' म्हणून नोंदलेल्यांपैकी तिनातली जवळपास एक खरी बग नव्हती. ग्राहकाने मागितलेला नवा जीएसटी रिपोर्ट बग म्हणून नोंदला गेला, की ती फाईल विनाकारण बदनाम होते. शे-दोनशे नोंदी एका टेस्टरने आणि एका डेव्हलपरने वेगवेगळ्या तपासाव्यात आणि जिथे मत जुळत नाही तिथे बोलून ठरवावं. कमिटच्या संदेशात जिराचा क्रमांक सक्तीचा करा. तो नसेल तर कुठला फिक्स कुठल्या बगचा, हे जुळवताच येत नाही.

मालवाताई:
हे करू. पण जुने फिक्स आणि कालचे फिक्स एकाच मापाने मोजायचे का? आणि यादी बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

ब्लेमबहाद्दर:
एकाच मापाने नको. गुगलने 2011 साली प्रत्येक फिक्सला मांडलेलं वजन साधं आहे: 1 भागिले (1 + ई (साधारण 2.718) चा (12 − 12×काळ) वा घात). काळ म्हणजे इतिहासाच्या सुरुवातीला 0 आणि आज 1. दोन वर्षांचा इतिहास घेतला तर आजच्या फिक्सला 0.5 मिळतात, सहा महिन्यांपूर्वीच्याला 0.05 च्या आतबाहेर. फाईलवार बेरीज करा. एक दोष मात्र ध्यानात ठेवा: बग दुरुस्त केला की फाईलचा धोका या सूत्रात वाढतो, त्यामुळे नीट केलेली फाईलही बरेच दिवस वर दिसते आणि डेव्हलपर यादीवर विश्वास ठेवेनासे होतात. म्हणून प्रत्येक फाईलपुढे कारण लिहा, जसं 'तीन महिन्यांत पाच जणांनी बदलली'.

स्नेहलतागंज:
पडताळणीसाठी फाईलींची सरमिसळ करून भाग पाडू नका, त्यात भविष्यातली माहिती मागे झिरपते. मार्चपर्यंतच्या इतिहासावर यादी काढा, एप्रिल ते जूनचे बग तिच्याशी ताडून बघा. अगदी ताजे महिने मात्र यात धरू नका, तिथले बग अजून सापडायचे असतात. अचूकतेची टक्केवारी तर विसराच: 900 पैकी 90 फाईली सदोष असतील, तर 'सगळ्या ठीक' म्हणणारं मॉडेलही 90 टक्के अचूक ठरतं. यादीत वरून खाली येत एकूण कोडच्या 20 टक्के ओळी भरेपर्यंतच्या फाईलींत किती बग सापडले, ते मोजा. याच फाईली नुसत्या लांबीनुसार लावून तोच आकडा काढा. तुमची यादी त्याच्या पुढे जात नसेल तर मॉडेलवर पैसा घालवू नका.

आणि दोन दिवसांपैकी दीड दिवस यादीतल्या वरच्या फाईलींना द्या, उरलेल्या अर्ध्या दिवसासाठी खालच्या फाईलींतून चिठ्ठ्या टाकून निवडा. जिथे कोणी बघतच नाही तिथे बग नोंदलाही जात नाही, आणि पुढच्या यादीत ती फाईल आणखी खाली जाते. पेमेंट आणि कर-आकारणी मात्र क्रमांक काहीही असो, दर रिलीजला पूर्ण तपासा.