घरी स्थळं बघू लागलेत, मी गे आहे हे आधी कुणाला सांगू? मदत हवी आहे

वय २८, गाव परभणी जिल्ह्यात, नोकरी वाळूजला. मी गे आहे आणि हे मला कॉलेजपासून पक्कं माहितेय, त्यामुळं "नीट विचार कर" असं कृपया कुणी सांगू नका, तो करून झालाय.

तुळशीचं लग्न झालं की मुली बघायला सुरुवात करायची असं घरी ठरलंय. मामानं एक स्थळ आणलंय, बायोडाटा व्हॉट्सॲपवर आलाय, आई म्हणू लागली नुसतं बघून तर ये, पण आमच्याकडं एकदा बघून आलं अन् दोन्हीकडून होकार आला की सुपारी फुटायला कितीक वेळ लागतो? त्या पोरीचं आयुष्य मी खराब करणार नाही, एवढं पक्कं आहे.

चुलत भावाला सांगितलं. तो वाईट वागला नाही, पण म्हणाला लग्न झालं की आपोआप नीट होतंय, नाहीतर एखाद्या डॉक्टरला दाखवू. मी म्हणलं अरे जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० लाच हे आजारांच्या यादीतून काढलंय, अन् आपल्या नॅशनल मेडिकल कमिशननं २०२२ मध्ये असले "बरं करायचे" उपचार म्हणजे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलंय. त्यावर गप बसला. पोलिसांची भीती नाही, सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालानंतर कलम ३७७ खाली हा गुन्हा राहिला नाही. भीती भावकीची आहे. धाकटी बहीण लग्नाची आहे, माझं बाहेर फुटलं तर तिची सोयरीक मोडायला लोक टपलेलेच असतात, याच विचारानं रात्री झोप लागत नाही. आईला बीपी आहे. वडील मारणार नाहीत, पण बोलणं बंद करतील, अन् ते मला जास्त लागेल.

लातूरला दिलेली मोठी ताई समजून घेईल असं वाटतं, पण दाजींना कळलं तर? टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन केला होता, मराठीत बोलता आलं, मन हलकं झालं, पण घरी जाऊन बोलायचं तर मलाच आहे.

मराठवाड्यातल्या कुणी घरी सांगितलं असेल तर सांगा, आधी ताईला सांगू का सरळ आईला? समोर बसून का चिठ्ठी लिहून? अन् बहिणीचं लग्न होईपर्यंत थांबायचं म्हणलं तर तोवर स्थळांना काय कारण सांगायचं? ताई भाऊबीजेला येणार आहे, त्याच्या आत काहीतरी ठरवायचंय.