स्वरतंतूत इंजेक्शन : श्वास अडकायची भीती कितपत खरी?

लालबागच्या_बाई
थायरॉइडच्या ऑपरेशननंतर माझा डावा स्वरतंतू हलेनासा झालाय. चौथीच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत आवाज पोचत नाही, पाणी पिताना ठसका लागतो. डॉक्टर हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं (जेलसारखं द्रव्य, ते भरून स्वरतंतू फुगवतात) इंजेक्शन सुचवताहेत, पूर्ण भूल न देता, ओपीडीतच. सासूबाईंनी धसका घेतलाय, गळ्यात सुई म्हणजे श्वासच बंद! कुणी घेतलंय का?

डोंबिवली_फास्ट
बाई, मी घेतलंय. लोकलच्या भजनी मंडळात गातो. ‘विठ्ठल’ म्हणायला जावं तर नुसती हवा निघायची.

मान बधिर केली, नाकातून दुर्बीण, सुई बाहेरून, कंठमण्याच्या खालून. दुखलं बेताचंच, खोकला दाबणं कठीण गेलं. ‘ई म्हणा’ सांगत होते. समोर स्क्रीनवर आपलाच गळा दिसतो, बघू नका! घशाचा बधिरपणा जाईपर्यंत चहासुद्धा नाही, नकळत श्वासनलिकेत जातो. सुरुवातीला आवाज दाबल्यासारखा यायचा. काही द्रव्यं मुद्दाम थोडी जास्त भरतात म्हणे.

सासूबाईंची भीती अगदीच खोटी नाही. सूज येऊन श्वास अडणं क्वचित होतं, म्हणून मलाही थांबवून ठेवलं होतं. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला तर सकाळची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टी.

वाचा_उपचार_परळ
वरचं बरोबर. भर घालते. हायल्युरॉनिकची रिअ‍ॅक्शन कधीकधी काही दिवसांनीही येते : दुखणं, सूज, आवाज पुन्हा बसणं. दुसरं, द्रव्य खोल न जाता वरच्या पदरात राहिलं तर स्वरतंतू ताठरतो, नीट कंप पावत नाही. त्यामुळे करणाऱ्याचा हात महत्त्वाचा. असं किती वेळा केलंय, हे बिनदिक्कत विचारा, कुणी रागावत नाही. (रागावलं तर दुसरीकडे जा.)

हे काही महिन्यांत विरघळतं, आणि तेच हवंय. स्वरतंतू हलवणारी नस सावरायला वर्षभरही लागू शकतं. तोवर कायमचं काही कशाला? पूर्वी टेफ्लॉन भरायचे, त्याच्या गाठी होत.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का?

लालबागच्या_बाई
हो, इकोस्प्रिन. बंद करू?

वाचा_उपचार_परळ
स्वतःहून अजिबात नाही. ज्यांनी दिली त्यांना आणि घशाच्या डॉक्टरांना, दोघांनाही विचारा.

डोंबिवली_फास्ट
आणि नंतर किती दिवस बोलायचं नाही तेही विचारून घ्या. मला कुजबुजायलाही बंदी होती. चौथीच्या वर्गात ते कसं जमवणार, देव जाणे!