लेक सस्कॅचेवानच्या खेड्यात, आम्ही कधी जावं?

प्रेषक: एक आई, कराड

सप्रेम नमस्कार मंडळी,

लेकीनेच मला या लिस्टवर घेतलंय. ती नर्स आहे. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात, सस्काटून शहराहून हायवे सातने पश्चिमेला दोनेक तास गेलं की लागतं अशा एका छोट्या गावात राहते. बारा-बारा तासांच्या ड्यूट्या, त्यातही नाइट. ती म्हणते, "जानेवारीत मला सलग रजा मिळेल, तेव्हाच या." इथले नातेवाईक म्हणतात, टोरांटोला उतरा, नायगारा बघा, तिच्याकडे आठवडाभर राहा आणि परत या, त्या माळरानावर आहे काय बघायला? आमचे हे एसटीतून रिटायर झालेत, यांना माणसांशिवाय करमत नाही. तिथे दिवसभर करायचं काय, ही यांची काळजी. मला मात्र ती कुठे राहते, कशी राहते, ते नीट बघायचंय. जे अशा गावात राहून आलेत त्यांनी खरं काय ते लिहावं.

---

प्रेषक: एक वडील, पुणे (मुलगा रोझटाउनच्या बाजूला)

ताई, नमस्कार.

जानेवारीत जाऊ नका. लेकीच्या रजेवर तिकीट काढलंत तर तिची सोबत मिळेल, पण तिचं गाव दिसणार नाही. त्या महिन्यात पारा उणे तीसपर्यंत उतरतो, सूर्य नऊनंतर उगवतो आणि पाचच्या सुमाराला मावळतो. गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर त्याचा हीटर विजेला जोडून ठेवावा लागतो. आपल्या वयाच्या माणसाने पायी कुठे जायचं म्हटलं तर सोय नाही.

ऑगस्टमध्ये जा आणि जमलं तर ऑक्टोबरपर्यंत राहा. तिच्या ड्यूट्या चालू असल्या तरी चालेल. त्या दिवसांत गाव जागं असतं. मसूर-वाटाणा आधी निघतो, मग गहू आणि कॅनोला हे तेलबियांचं पीक; कम्बाइन, म्हणजे कापणी-मळणीची यंत्रं, रात्री उशिरापर्यंत दिवे लावून चालतात. आपल्याकडे शेताची गोष्ट गुंठ्यांत होते, तिथे क्वार्टरमध्ये. एक क्वार्टर म्हणजे १६० एकर. १८७२च्या कायद्याने वसाहतकऱ्यांना दहा डॉलर फी घेऊन तेवढीच जमीन दिली जायची, ते माप अजून सगळ्यांच्या तोंडी आहे.

मसुराचं मुद्दाम सांगतो, कारण तुम्ही कराडच्या. आपण खातो त्यातला बराच मसूर याच प्रांतातून येतो. तिथे हे पीक जुनं नाही. सस्काटूनच्या विद्यापीठात १९७०च्या दशकात त्यावर काम सुरू झालं, लेअर्ड नावाचं वाण १९७८ साली आलं आणि मग शेतकरी त्याकडे वळले. आमच्या मुलाच्या शेजाऱ्यांनी वर्षानुवर्षं मसूर पिकवला होता, पण घरात कधी शिजवला नव्हता. हिने एक दिवस कांदा-खोबरं भाजून अख्खा मसूर केला आणि पातेलं त्यांच्याकडे पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ स्वतःच्या शेतातला मसूर बादलीभर घेऊन दारात उभे. तिखट कमी घाला, एवढंच त्यांचं म्हणणं. तिथून हिची त्या घरी ऊठबस सुरू झाली. तुम्ही घाटी मसाला घेऊन जा, विमानतळावर विचारलं की आहे ते सांगा, लपवू नका.

तुमच्या मिस्टरांना आधीच एक गोष्ट सांगून ठेवा, कारण त्यांना ती लागेल. तिथे एसटीसारखी बस नाही. सस्कॅचेवानची सरकारी बससेवा होती, ती २०१७च्या मे महिन्यात बंद केली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरअखेर ग्रेहाउंड या खाजगी बस कंपनीनेही पश्चिम कॅनडातून बहुतेक सगळ्या गाड्या काढून घेतल्या. लेक गाडी घेऊन ड्यूटीवर गेली की तुम्ही आणि गाव. म्हणून तिला आतापासून सांगा, घर गावातच, पायी पोस्टात आणि को-ऑपच्या दुकानात जाता येईल असं असू दे. गावाबाहेर शेतावरच्या घरात भाड्याने राहत असेल तर तेवढ्या दिवसांपुरती वेगळी सोय बघावी, इतकं हे महत्त्वाचं आहे.

आणि दिवसभर करायचं काय, तर सकाळी दहाला कॉफी रो. गावातल्या कॅफेत नाहीतर को-ऑपमध्ये म्हातारे शेतकरी रोज एका टेबलाभोवती जमतात. पाऊस किती झाला ते दशांश इंचात सांगतात, कुणाचं पीक किती निघालं, कुणाचं कम्बाइन बसलं, सगळं तिथे कळतं. मुलाने मला पहिल्या सकाळी नेऊन बसवलं, नाव सांगितलं आणि तो कामाला गेला. तेवढं मुलांनी केलंच पाहिजे. आपण आपण जाऊन त्या टेबलाशी बसणं जड जातं. नंतर कुणी ओळख करून द्यावी लागली नाही.

दुपारी सीनियर सेंटरला पत्ते. तिथे कैसर म्हणून खेळ आहे. तीनशे चार येत असेल तर एका बैठकीत जमतो. बत्तीसच पानं, चौघे, समोरासमोर भिडू. बदामची सत्ती काढून पंजी घेतात आणि इस्पिकची सत्ती काढून तिर्री. प्रत्येक हाताला एक गुण, पंजीचे पाच जादा, तिर्रीचे तीन वजा. ती तिर्री प्रतिस्पर्ध्याच्या हातात ढकलण्यात सगळं कसब आहे.

आता मनातलं लिहितो. मुलगा तिथे फार्मासिस्ट आहे. साडेअकरा तासांचा फरक, त्याची सकाळ ती आपली रात्र, फोनवर "सगळं ठीक" यापलीकडे काही कळत नसे. एक दिवस दुकानात एका आजींनी मला थांबवलं. हिमवादळात रस्ते बंद होते तेव्हा तुमच्या मुलाने शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून माझं इन्सुलिन घरी आणून दिलं, म्हणाल्या. आम्हाला हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. तो तिथे का राहिला, शहरात का जात नाही, यावर आमच्या घरी पुष्कळ वाद झालेत. त्या दिवसानंतर मी तो विषय काढला नाही. नायगारा परतीच्या वाटेवर करा, राहिला तरी चालेल.

---

प्रेषक: एक सभासद, किंडर्सलीजवळ

काका, अगदी खरं. मावशी, दवाखान्याचं मी सांगते, माझी आई इथेच राहून गेली.

सुपर व्हिसा (आईवडिलांना जास्त काळ राहता येतं तो) काढणार असाल तर किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान वर्षभराचा विमा लागतो. प्रांताची मोफत आरोग्यसेवा पाहुण्यांना नसते, त्यामुळे साध्या व्हिजिटर व्हिसावर आलात तरी विमा घ्याच. बऱ्याच पॉलिसींत जुन्या दुखण्याला अट असते, की आधीचे तीन किंवा सहा महिने औषधात बदल झालेला नसावा. काकांची बीपीची गोळी मध्येच बदलली तर विमा कंपनीला लेखी विचारा.

गावातलं इमर्जन्सी कधी कधी माणसं नाहीत म्हणून काही तास, काही दिवस बंद असतं. लेक नर्स असल्याने तिला ते माहीत असेल, पण ती ड्यूटीवर असताना फोन तुम्हालाच करायचाय. फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: घराचा पत्ता, गावाबाहेर असाल तर लँड लोकेशन म्हणजे त्या जमिनीचा सरकारी क्रमांक, तातडीला ९११ आणि नर्सचा सल्ला हवा असेल तर ८११. गंभीर प्रसंगी सस्काटून किंवा रेजायनाहून स्टार्स या संस्थेचं रुग्ण नेणारं हेलिकॉप्टर येतं.

आणि ऑक्टोबरपर्यंत थांबलात तर फाउल सपर चुकवू नका. चर्च नाहीतर कम्युनिटी हॉलमध्ये अख्खं गाव एका पंगतीला जेवतं. टर्की असतेच, पण बटाटे, भाज्या, गोड पाय (pie) आणि युक्रेनियन घरं असली तर पेरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्याही मिळतात. बायकांना भाज्या चिरायला हात हवेच असतात. आईला तिथे मोडकं इंग्रजी पुरलं.

---

प्रेषक: एक आई, कराड

दोघांचे मनापासून आभार. रात्री लेकीशी बोलले. तिने रजेचा अर्ज अजून दिला नव्हता. तिकीट १० ऑगस्टच्या आसपासचं बघतोय. घर गावातच आहे, पोस्ट पाच मिनिटांवर. कॉफी रोला ती स्वतः बाबांना सोडणार आहे, नाइट करून आली तरी.

यांनी पत्ते काढून बत्तीस पानं वेगळी केलीत. विचारतायत, कैसरमध्ये हुकूम तीनशे चारसारखा झाकून ठेवायचा की उघड?

---

प्रेषक: एक वडील, पुणे

उघड. बोली जिंकली की लगेच सांगायचा. बिनहुकमी बोलीही असते, पण ती पहिल्याच आठवड्यात नको म्हणावं.