प्रतिसाद: एमटीव्हीच्या आधीचा पिवळा डगला

न्यू वेव्ह, म्हणजे पंकनंतरच्या रॉक संगीतातल्या बँडांचा भडक अवतार ही एमटीव्ही या म्युझिक व्हिडिओ चॅनलची देणगी, असं कुणी म्हटलंय. डेव्हो या अमेरिकन बँडच्या बाबतीत ते पटत नाही. एमटीव्ही सुरू झालं ऑगस्ट १९८१ मध्ये. ही मंडळी त्याआधीच कारखान्यातल्या कामगारांसारखे पिवळे डगले घालून स्टेजवर यायची, १९७६ मध्ये स्वतःची शॉर्टफिल्मही करून मोकळी झाली होती! गाव ओहायोतलं अ‍ॅक्रन, म्हणजे टायर कारखान्यांचं. त्यामुळे तो पोशाख मला तरी नुसती फॅशन वाटत नाही. माणसाचं यंत्र होतंय, हीच त्यांची थट्टा. १९८० मधली ती लाल, पायऱ्यापायऱ्यांची टोपी मात्र... उलटी कुंडीच की हो! तरी एकदा पाहिली की डोक्यातून जात नाही. अ‍ॅडम अँट या ब्रिटिश गायकाच्या नाकावरचा पांढरा पट्टाही तसाच.